पान उलटायचं काम

लेकीच्या अंत्यविधीला ऑर्गन आपणच वाजवणार, असं त्याने फादरना ठणकावून सांगितलं होतं. बायको मात्र चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसली. “मी मातीपुरती येईन. त्या देवाला हाक मारायला मला सांगू नका,” असं ती घरातून निघतानाच म्हणाली होती. गाणं सुरू झालं. पान संपत आलं तशी त्याने सवयीने मान हलवली आणि तो वाट पाहत थांबला. बाबांची मान हलली की स्टुलावर चढून पान उलटायचं, हे लेकीचं काम. पान तसंच राहिलं. त्याचे हात पट्ट्यांवर गोठले, गाणाऱ्यांचे सूरही विरले. मागून चपलांचा आवाज जवळ आला. बायको रिकाम्या स्टुलापाशी उभी राहिली, तिने पान उलटलं. “वाजवा हो,” ती म्हणाली. “शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचो ना तिला? तसंच सोडू. आत येशू आहे.”