फाटकं जाळं

पाणमांजराने काशिरामचं जाळं पुन्हा फाडलं. अडकलेले मासे खाल्ले, नुसती डोकी जाळ्यात ठेवली. काशिरामची बायको जनी शिव्या देत जाळं सांधायला बसली, पण उठली. पनवेलला खाडी बुजवण्याची सुनावणी होती. ती जाळं घेऊनच गेली.

साहेब कागद बघून म्हणाले, "या खाडीत आता मासेच नाहीत. बुजवली तर कोणाचं काय जाणार?"

जनीने टेबलावर जाळं पसरलं. "मंग ही डोकी कोनाची? पानमांजर काय भात खातंय?"

साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि पुढची तारीख दिली.

संध्याकाळी काशिराम दुसऱ्या जाळ्याने मासे धरून आला. जनीने त्याच्या टोपलीतला सगळ्यात मोठा मासा खाडीकाठच्या दगडावर ठेवला.

"कोनासाटी गो?" काशिरामने विचारलं.

"साक्षीदारासाटी. तारकंपरेंत जगाया पायजे."