खजुराचं ताट

जमीला टीचरकडून खजुराचं ताट आलं आणि नीलम्माचं काळीज सुपाएवढं झालं. वर्षभरातलं हे तिसरं ताट. शुक्रवार पेठेच्या त्या बोळात एवढा मान दुसऱ्या कुणाला होता? तिनं खजूर डब्यात ओतले, ताट विसळलं आणि त्यात शेंगांची चटणी भरायला घेतली. शेजारणीचं ताट रिकामं परत द्यायचं नसतं. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. रिकामं दिलं की संबंध संपला.

"अव्वा, टीचर आपल्याला खजूर का पाठवतात, माहितेय?" अक्षतानं विचारलं. नीलम्माची ही एकुलती लेक, लहानपणापासून जमीला टीचरकडं गणिताच्या शिकवणीला जाऊन मोठी झालेली.

"मला मानतात की. दुसरं काय?"

"बसऱ्याला हसन नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. तेराशे वर्षं झाली. कुणीतरी पाठीमागं त्यांची निंदा केली, तर त्यांनी त्याच माणसाला खजूर पाठवले. निंदा करणाऱ्याचं पुण्य ज्याची निंदा होते त्याच्या खात्यात जातं म्हणे. म्हणाले, 'तू तुझं पुण्य मला दिलंस. पुरती परतफेड माझ्याच्यानं होणार नाही, एवढं गोड मानून घे.' टीचर शिकवणीत नेहमी सांगायच्या ही गोष्ट."

नीलम्माचा हात चटणीतच राहिला.

टीचरची मुलगी तहसीन दवाखान्यात नर्स होती. तिला स्थळं यायची आणि मुलाकडची माणसं रीतीप्रमाणं बोळात चौकशी करायची. चौकशीचं पहिलं दार नीलम्माचं. ती वाईट असं काही बोलायचीच नाही. "पोरगी लई गुणाची हाय," म्हणायची, आणि चहा ओतता ओतता पुढं, "रात्रपाळी असती म्हनं. सकाळी कुणाच्या तरी गाडीवरनं येती. आपल्याला काय करायचंय?" तीन स्थळं आली, तीन गेली. प्रत्येकाच्या पाठोपाठ खजूर आले. हल्ली पाहुणे येणार म्हटलं की तहसीन खोलीचं दार आतून लावून घ्यायची.

"पुण्य देऊन खजूर मिळत असतील तर वाईट काय त्यात?" नीलम्मा हसली आणि चटणीचं ताट पाठवून दिलं. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याची लाजही नव्हती.

दिवाळीनंतर अक्षताला मंगळवेढ्याचं स्थळ आलं. मंजुनाथ बघून गेला त्या दिवसापासून पोरगी भाकऱ्या थापताना गुणगुणायला लागली. चौकशीला मुलाची आत्या आली. दारोदार फिरून झाल्यावर म्हणाली, "मुलगी ज्या बाईंकडं शिकली त्यांना विचारल्याशिवाय आमी शब्द देनार न्हाय."

नीलम्मा आपल्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आत्या टीचरच्या घरात शिरली. दहा मिनिटांनी बाहेर आली ती कुणाकडं न बघता, रिक्षाला हात करून निघूनच गेली.

चौथ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर नकार आला. अक्षतानं अन्न सोडलं.

नीलम्मानं बाजारातून खजूर आणले, आपल्या ताटात शिगोशीग भरले आणि टीचरच्या दारात जाऊन उभी राहिली.

"घ्या टीचर. तुमचं पुण्य पोचलं आमाला. काय काय सांगितलंत माझ्या लेकीबद्दल?"

"काहीच नाही." टीचरचा आवाज शिकवणीत असायचा तसाच शांत होता. "त्या बाईंनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी गप्प बसले. पाठीमागं कुणाबद्दल बोलायचं नाही, एवढंच मी शिकलेय."

"अवो, गप बसलं की मानसं वाईटच समजतात! तुमच्या हाताखाली वाढलेलं लेकरू ते. एक चांगला शब्द बोलायचा होता की!" नीलम्माला रडू फुटलं.

"अक्षता माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी," टीचर म्हणाल्या. "आणि वाईट शब्द तर तुम्हीही कधी बोलला नाहीत, नीलम्मा."

त्यांनी आत वळून हाक मारली, "तहसीन, डबा आण." खजूर डब्यात ओतून घेतले. ताट नळाखाली धरून स्वच्छ विसळलं, पदरानं कोरडं पुसलं आणि नीलम्माच्या हातात रिकामं ठेवलं.