साहेबांनी काढलेलं दार

तिसऱ्यांदा ती मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीपर्यंत आली आणि तिसऱ्यांदा पाण्याच्या कूलरकडे वळली. पेला भरला, घोटभर प्यायली, पुन्हा भरला.

"पोटात नगरपालिकेची टाकी बसवलीत का ताई?" स्टुलावर बसलेले शिपाईकाका म्हणाले.

तिला हसू आलं नाही. तीन वाजून गेले होते. उद्या सकाळी दहाला शाळेचा नवा वरचा मजला उघडायचा होता आणि एकशे चाळीस मुलं त्यावर चढणार होती. मजला भक्कम असल्याच्या दाखल्यावर पहिली सही तिची, कनिष्ठ अभियंता म्हणून. ती तिने जागेवर न जाताच ठोकली होती. "करा हो मॅडम, वर आम्ही आहोतच बघायला," असं उपअभियंते म्हणाले होते. मग तिची सही बघून त्यांनी केली, त्यांची बघून मुख्याधिकारी साहेबांनी. या कचेरीत सगळे सह्या तपासतात, स्लॅब कोणी तपासत नाही. मन खायला लागलं म्हणून काल ती एकटीच गेली, शिडी लावून मधल्या तुळईपर्यंत चढली. तुळईला आडवी भेग होती. तिची करंगळी तीत पेरभर आत गेली.

"प्लास्टर तडकलंय," आज सकाळी तिने सांगितल्यावर उपअभियंते म्हणाले. "उद्या कार्यक्रम आहे. तोंडातून अवाक्षर काढू नका." तिची नोकरी कायम व्हायला दीड महिना उरला होता, आणि त्यासाठीचा शेरा त्यांनीच लिहायचा होता.

साहेबांकडे जायचं तर आड काहीच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. साहेब माणूस सज्जन. आल्या आल्या त्यांनी आपल्या खोलीचं दार काढून टाकलं. "माझ्याकडे कोणीही, कधीही यावं," म्हणाले, टाळ्या पडल्या. तेव्हापासून आत कोण गेलं, किती वेळ बसलं, काय बोललं, हे समोरच्या अठरा टेबलांना दिसायचं आणि ऐकूही यायचं. पहिलं टेबल उपअभियंत्यांचं. कर विभागातला एक कारकून हिय्या करून आत गेला, चार मिनिटं बोलून आला. पंधरा दिवसांत त्याची बदली मोकाट गुरांच्या कोंडवाड्यावर झाली. कागद खालून सह्या होऊन आला, साहेबांनीही सही केली. त्याला जनावरांची आवड असेल, असं त्यांना वाटलं. त्यानंतर त्या उघड्या खोलीत सहीच्या कागदाशिवाय कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

काढलेलं दार शेजारच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्यावर आता नोटिसा चिकटवायचे.

चौथ्यांदा मात्र ती चौकटीत जाऊन उभी राहिली.

"या, या," साहेब मोठ्याने म्हणाले. "बोला अगदी मोकळेपणाने."

मागे टाइप करणारी बोटं थांबली. उपअभियंत्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. एवढं पाणी पिऊनही तिच्या तोंडाला कोरड पडली.

"काही नाही साहेब. उद्या खुर्च्या किती मागवायच्या, ते विचारायचं होतं."

"दोनशे," साहेब म्हणाले.

ती बाहेर आली ती थेट त्या टेकवलेल्या दारापाशी. दोन्ही हातांनी तिने ते ओढून पाहिलं. दार जागचं हललं नाही. मग तिला रडू आवरेना, अठरा टेबलांसमोर.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "पाच मिनिटं हे दार लावून द्या हो. उद्या मुलं मरतील."

शिपाईकाका स्टुलावरून उठले. चपला काढून बाजूला ठेवल्या, दाराला खांदा लावला आणि ते जड लाकडी धूड घासत घासत चौकटीपर्यंत नेलं. बिजागऱ्या केव्हाच निघाल्या होत्या. ती आत शिरल्यावर त्यांनी ते चौकटीत उभं केलं आणि स्वतः पाठ लावून उभे राहिले.

आत एकदम अंधारून आलं. साहेब खुर्चीतून उठले. "हे काय चाललंय?"

"साहेब, मी जागेवर न जाताच सही केली. शाळेच्या मजल्याची. तुळई चिरलीय. माझी नोकरी घ्या, पण उद्या एकही मूल वर चढू देऊ नका."

तिने मोबाइलमधला फोटो पुढे धरला. भेगेत गेलेली करंगळी. साहेबांनी फोन आपल्या हातात घेतला. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. त्या दाखल्यावर शेवटची सही त्यांची होती.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते दुखावले होते. "माझी खोली तर उघडीच होती."

तिने दाराकडे पाहिलं. बाहेरून उपअभियंत्यांचा आवाज आला, आतल्या दोघांनाही स्पष्ट ऐकू जाईल असा.

"ठेव ते खाली. सांगतोय ना? किती वेळ धरून उभा राहणार आहेस?"

दार एकदा हललं, कलल्यासारखं झालं, पुन्हा सरळ झालं.

"रिटायर व्हायला चार महिने आहेत, साहेब," शिपाईकाका म्हणाले. "तेवढे धरतो."