एकवीस दिवसांचा अहवाल

रविवारी सकाळी नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर तीन छापील कागद ठेवले, त्यांच्या कडा जुळवल्या आणि आईला हाक मारली.

"आई, ये, बस इथे. तुझ्यासमोरच होऊन जाऊ दे."

सासूबाई चष्मा शोधत येऊन बसल्या. बायको ओट्यापाशी हात पुसत उभी राहिली. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. सुट्टीच्या दिवशीही नखांतलं प्लास्टर काही निघायचं नाही.

"फोनवर तू काय काय शोधतेस, त्याचा हा अहवाल," नवरा म्हणाला. "एकवीस दिवसांचा."

ती हात पुसायची थांबली. "तुला कुठून मिळाला?"

"मिळाला म्हणजे? माझ्याकडे येतंच ते सगळं."

हे सांगताना लाज वगैरे काही नाही. उलट कुणीतरी शाबासकी द्यावी असा चेहरा. हा गृहस्थ ऑफिसात कॉम्प्युटर विभागात होता आणि सुरक्षितता या विषयावर कान किटेपर्यंत बोलायचा. पासवर्ड असा ठेवा, फुकटच्या ॲपला हात लावू नका, परवानग्या वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका. घरातल्या प्रत्येक फोनवर त्याने स्वतः पारखून एक ब्राउझर टाकून दिला होता. "यात कुणाला डोकावता येत नाही," म्हणाला होता. खोटं नव्हतं ते. याच्याखेरीज कुणालाही येत नव्हतं. बायकोचा फोन लावून देताना साहेबांनी त्या ब्राउझरात स्वतःचंच खातं उघडून ठेवलं होतं. ती तिकडे काही शोधायची आणि ते इकडे याच्या फोनवर आपोआप येऊन पडायचं. तिला कधी शंकाही आली नाही. नवऱ्याने लावून दिलेला फोन कोण उलटा करून बघतं?

एकवीस दिवस. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून. अंघोळ करताना डाव्या स्तनात हाताला गाठ लागली, त्या दिवसापासून. गाठीचा तुकडा तपासायला गेला होता आणि रिपोर्ट उद्या अकरा वाजता मिळणार होता. खरं काय ते कळेपर्यंत घरात कुणाच्या जिवाला घोर नको, म्हणून ती गप्प राहिली होती. जे कुणाशी बोलता येत नव्हतं ते तिने दुपारच्या सुट्टीत, मेण वितळायला ठेवून, त्या फोनला विचारलं होतं.

नवऱ्याने घसा खाकरला. आता हा सासूबाईंसमोर तो शब्द मोठ्याने वाचणार, म्हणून तिने ओट्याची कड घट्ट धरली.

"चौदा तारीख, दुपारी एक वीस. 'दोन महिन्यांसाठी भाड्याची खोली.' सोळा तारीख. 'एकटीला खोली देतात का.' सतरा तारीख. 'पहाटेची पहिली बस.' अठरा. 'बिनपगारी रजा किती मिळते.'" त्याने कागद खाली ठेवला. "कळलं ना, आई? तुझ्या सूनबाईंचा बाडबिस्तरा गुंडाळायचा बेत आहे. एकटीच जातेय की आणखी कुणी आहे, तेवढं फक्त विचारायचं राहिलंय."

"अगं, काय बोलतोय हा?" सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

तो शब्द आलाच नव्हता. आईसमोर नको म्हणून याने मुद्दाम गाळला असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यापुरतं तिला नवऱ्याबद्दल जरा बरं वाटलं. मग तिने पुढे होऊन कागद उचलला.

सुरेख तक्ता होता. तारीख, वेळ, काय शोधलं, प्रकार. खोली, बस आणि रजा यांच्या ओळी पिवळ्या रंगवलेल्या, पुढे शेरा: संशयास्पद. मधल्या ओळी तशाच, पांढऱ्या. 'स्तनात गाठ पण दुखत नाही.' 'गाठ म्हणजे कॅन्सरच असतो का.' 'किरणांचे उपचार किती दिवस चालतात.' आणि प्रत्येकीपुढे, न चुकता: इतर. खोलीची ओळसुद्धा त्याने अर्धीच वाचली होती. पूर्ण ओळ होती, 'कॅन्सर रुग्णालयाजवळ दोन महिन्यांसाठी भाड्याची खोली.'

"हे तू वाचलं होतंस?" तिने बोट ठेवून विचारलं.

"सगळं वाचलंय. वाचल्याशिवाय प्रकार पाडता येतात का?"

"मग?"

"मग काय? बायकांचं काही ना काही चालूच असतं. तुम्ही लोक साधी शिंक आली तरी नेटवर बघता. मुद्दा तो नाहीये. मुद्दा खोलीचा आहे."

सासूबाईंनी कागद तिच्या हातातून घेतला आणि ओळीवरून बोट फिरवत, ओठ हलवत वाचायला लागल्या. बोट एका जागी थांबलं. पुन्हा वर गेलं आणि पुन्हा तिथेच आलं.

"गाठ?" त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "अरे मेल्या, एकवीस दिवस हे तुला माहीत होतं?"

"आई, तू विषय बदलू नकोस."

"तुकडा तपासायला दिलाय, आई," ती म्हणाली. "उद्या अकराला रिपोर्ट मिळेल."

सासूबाई उठल्या. खुर्ची सरकवून सुनेपाशी आल्या आणि तिचा ओला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. "उद्या मी येते तुझ्याबरोबर. किती वाजता निघायचं?"

"दहाला निघू, आई."

आता कुठे त्या शहाण्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं. कागद गोळा करत तो म्हणाला, "उद्या रिपोर्ट आहे? हे मला सांगायला नको? मी नवरा आहे तुझा. कळायला पाहिजे मला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. कवळीत दात वाकडा बसला की ती जशी पाहायची, तसंच.

"कळेल की," ती म्हणाली. "रिपोर्टात जो शब्द असेल त्याचा अर्थ मला शोधावाच लागेल. तुझ्याकडे येईलच तो."