आजोबांचं माप

प्राणिसंग्रहालयातली अजस्र परदेशी घोरपड म्हणजे तिला सांभाळणाऱ्या ताईचे 'आजोबा'. तिच्याखेरीज कुणाला अंगाला हात लावू देत नसत. म्हणून मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "ताई, लांबी-वजन तुम्हीच घ्या, औषधाचं प्रमाण ठरवायचंय." तिने अंड्याची वाटी वाजवली. आजोबा डुलत काट्यावर चढले. पंचाहत्तर किलो! टेप धरला, नाकापासून शेपटीपर्यंत नऊ फूट. "अंगी लागतंय हो खाणं!" ती हसली. आज पिंजऱ्याशी लाकडी पेटी आली, तेव्हा तिला कळलं, आजोबांना विकलंय. पेटी त्यांच्याहून वीतभरच मोठी होती. "इतकं नेमकं माप कुणी दिलं?" "तुम्हीच की, ताई," डॉक्टर नजर चुकवत म्हणाले. "आता वाटी वाजवा, नाहीतर दोरानं ओढावं लागेल. अंडं नको, प्रवासाला उपाशीच न्यायचंय." तिने पेटीत वाटी वाजवली. आजोबा डुलत आत शिरले आणि रिकाम्या वाटीत जीभ फिरवू लागले.