जापारच्या भेटीला

“आधी जापारला भेटून येऊ, मग तू सुटलास,” एसेनकुल साहेब म्हणाले आणि ओरोजच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःच गाडीत टाकली.

ओरोजचं टाळकं सडकलं. पिशवीत म्हाताऱ्या बापासाठी घेतलेले नवे बूट होते. अख्खा हिवाळा त्याने घाटातला बर्फ एकट्याने उपसला होता. बर्फ काढायची यंत्रं दोन आणि चालवणारेही दोनच. त्यातला जापार हृदयाच्या ऑपरेशनसाठी बिश्केकला गेला आणि दोघांचं काम ओरोजच्या मानगुटीवर बसलं. सुट्टी मागितली की साहेब आभाळाकडे बोट दाखवत. इकडे गावी मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि बाप एकटा होता. परवा फोनवर म्हातारा गरजला होता, “बापाचं नाव तरी आठवतं का रे, की तेही बर्फाखाली गेलं?”

आज कुठे सुट्टी मिळाली, तर हे नवं झेंगट.

“साहेब, परत आल्यावर भेटेन की त्याला. तो काय पळून चाललाय?”

“आजारी माणसाला नंतर भेटतो म्हणू नये. आणि तिथून मी तुला माझ्या गाडीने गावाला सोडतो. मग तर झालं?”

साहेब आणि स्वतःची गाडी! पेट्रोलचा वाससुद्धा जपून घेणारा माणूस. एरवी ओरोज पोट धरून हसला असता. आज तो नुसता धुमसत राहिला. गाडी मी चालवतो म्हणाला, तर तेही साहेबांनी ऐकलं नाही. वाटेत “माझा फोन बंद पडलाय, तुझा दे जरा” म्हणून त्यांनी त्याचा फोन घेतला, आणि बोलणं झाल्यावर सरळ आपल्या खिशात घातला.

“फोन, साहेब.”

“देतो रे. कुठे आग लागलीय?”

जापारच्या अंगणात चुलीवर मोठी कढई चढली होती. आत भिंतीला टेकून जापार गाद्यांवर बसला होता. माणूस निम्मा झाला होता. पण हिवाळाभर साठवलेलं बोलणं ओरोजला असं वाया घालवायचं नव्हतं.

“काय नवाब, कधी उठणार? पाठ दुखली असेल ना झोपून? घाटात ये, शेकून देतो.”

एरवी जापारने एकाच्या चार ऐकवल्या असत्या. आज त्याने मान खाली घातली. “ओरोज, माझ्यामुळे तुला घरी जाता आलं नाही रे.” त्याने बाहीने डोळे पुसले.

“झालं! आता रड. तेवढंच राहिलं होतं.”

जापारच्या बायकोने, सालकिनवहिनीने, ओरोजला ओढून वरच्या बाजूला बसवलं. चहा आला, कणकेचे तळलेले गोळे, बोरसोक आले, लोणी आलं. ओरोजखेरीज कोणी कशाला हात लावेना. कोपऱ्यात पांढऱ्या टोप्या घातलेले तीन म्हातारे बसले होते. मधल्याला पाहून ओरोजचा घास तोंडातच राहिला. ते मंबेत आबा होते, वस्तीतले सगळ्यात वयस्कर. आबा उगीच कुणाच्या घरची पायरी चढत नसत.

या डोंगरात मरणाची बातमी कोणी फोनवर सांगत नाही. चार वडीलधारी माणसं जमतात, चहा पाजतात आणि मग आबांसारखं कोणीतरी तोंड उघडतं. जापारचा धाकटा भाऊ सैबेरियात लाकडं तोडायला गेला होता. ओरोजला सगळं एकदम कळलं.

त्याने साहेबांना दंडाला धरून अंगणात ओढलं.

“कुणाच्या डोक्यातून निघालं हे? त्याच्या छातीचं हाड अजून सांधलं नाही! ऐकून तो जागच्या जागी थंड पडेल!”

“हळू बोल.”

“का हळू? हिवाळाभर मला राबवलंत, आता त्याला मारायला निघालात? चार दिवस थांबा ना!”

“चार दिवस कसं थांबता येईल, ओरोज?”

“आणि मला कशाला आणलंत?”

साहेबांनी नजर जमिनीवर ठेवली. “तुझ्याशिवाय कसं व्हायचं?”

म्हणजे तो कोसळला की धरायला मी, ओरोजने मनात म्हटलं. त्याला साहेबांची शिसारी आली. हिवाळाभर जापारला घातलेल्या शिव्या आठवून स्वतःचीही आली. बिचारा आजारी पडला, हा काय त्याचा गुन्हा?

तो तरातरा आत गेला आणि जापार आणि म्हाताऱ्यांच्या मध्ये जाऊन बसला.

“आबा, वयाने मोठे आहात म्हणून हात जोडतो. आज नको.”

“अशी गोष्ट पदरात लपवून ठेवता येत नाही, लेका,” आबा म्हणाले. “आधी चहा घे.”

“मला नको तुमचा चहा!” ओरोजने वाटी सरकवली, तसा चहा चादरीवर सांडला. कोणी त्याला रागावलं नाही. त्याने जापारच्या कमरेभोवती हात टाकला. “जापार, घाबरू नकोस. काही झालं तरी मी आहे. ऐकलंस? घाट मी बघतो, घर मी बघतो.”

जापार हुंदके देऊन रडायला लागला.

“बघा! बघा काय केलंत! वहिनी, त्याचं औषध आणा!”

वहिनी जागची हलली नाही. तीही डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत होती. जापार मात्र हलला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून तो गुडघ्यांवर उठला आणि त्याने ओरोजचे दोन्ही खांदे होतं नव्हतं तेवढं बळ लावून घट्ट धरले.

“ओरोज,” मंबेत आबा म्हणाले, “कंबर घट्ट बांध, लेका. तुझ्या बापाला माती द्यायला आपण सगळेच निघालोय.”