दक्षिण तीरावर

“थांबा गुरुजी. देश मी सांगते.”

प्रल्हाद गुरुजींची पळी हवेतच राहिली. समोर पाटावर मीनाक्षी बसली होती. बोटात दर्भाचं पवित्रक, उजव्या तळव्यावर पाणी. नवऱ्याचं, विनयचं, वर्षश्राद्ध ती स्वतः करत होती. थांबवलं होतं ते तिच्या सासूबाईंनी, सरलाबाईंनी. त्या मागून उठून पुढे आल्या. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता.

“संकल्पात जागा बरोबर यायला हवी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “नाहीतर विनयपर्यंत पोचायचं नाही.”

गुरुजी आठवडाभर कंप्युटरचं काम करत आणि शनिवार-रविवारी धोतर नेसत. आज मंगळवार होता, सुट्टी काढून आले होते. “सांगा काकू,” ते म्हणाले. “दोन वाजता मीटिंग आहे, पण तोवर मी तुमचाच.”

मागच्या आश्विनात विनय कामासाठी ग्रीसला गेला होता. ऑफिसचं काम संपल्यावर दोन दिवस क्रीट बेटावर राहिला आणि दक्षिण किनाऱ्यावर पोहायला उतरला. समुद्रानं त्याला परत दिलंच नाही. मीनाक्षी तिकडे जाऊन आठ दिवसांनी रिकाम्या हातांनी आली. त्यानंतर इथे परदेशात, श्रूजबरीच्या घरात दोघी एकाच टेबलाशी जेवत होत्या, पण त्या किनाऱ्याबद्दल मीनाक्षी कधी बोलली नाही. सरलाबाईंनी तिला विचारलंही नाही. त्यांनी नातीला विचारलं.

इशिता सहावीत होती. तिला शाळेत ग्रीसचा धडा होता.

“आजी, तिकडे समर एकदम ड्राय असतो. पाऊस विंटरमध्ये. आपल्या इंडियाच्या टोटल ऑपोझिट.”

“आणि आश्विनात? म्हणजे ऑक्टोबरात?”

“ऑक्टोबरमध्ये समुद्र अजून वॉर्म असतो, असं लिहिलंय.”

त्या दिवशी सरलाबाई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

मग त्या रोज थोडं थोडं विचारू लागल्या. तो देश म्हणजे डोंगर आणि समुद्र, मधे कशीबशी जमीन. उन्हाळ्यात ओढे आटतात. चार हजार वर्षांपूर्वी त्या बेटावर राजवाडे होते आणि भिंतींवर मासे रंगवलेले होते. सगळ्यांत उंच पर्वताचं जुनं नाव इडा. आपल्या पुराणातलं हे नाव ऐकून त्यांना बरं वाटलं. आपल्यातलंच कुणी तिथे आहे असं वाटलं. अडलं ते संकल्पाला लागणाऱ्या नदीपाशी. नकाशावर बोट फिरवून फिरवून इशिता कंटाळली, तेव्हा कुठे विनयच्या किनाऱ्याजवळ समुद्राला मिळणारी एक नदी सापडली.

“इडा पर्वताच्या दक्षिणेला,” सरलाबाईंनी कागदावरून वाचलं, “गेरोपोटामोस नदीच्या दक्षिण तीरावर.” एकही अक्षर अडखळलं नाही. “पाठच आहे. माझ्या रोजच्या पूजेच्या संकल्पात वर्षभर हेच म्हणतेय.”

“आणि त्याआधी, काकू?”

“त्याआधी आपलं नेहमीचंच. गोदावर्याः दक्षिणे तीरे. नाशिकला सासरी आले तेव्हापासूनचं.”

“इथे येऊन किती वर्षं झाली?”

“सहा होतील.”

गुरुजींनी पळी तांब्यात ठेवली. काही बोलायचं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी मांडी बदलली.

“काकू, रागावू नका. गेलेल्याला आपण नावानं आणि गोत्रानं हाक मारतो. तेवढं त्याला पुरतं, तो कुठेही असो. देश सांगायचा तो त्याचा नव्हे.”

“मग कुणाचा?”

“करणाऱ्याचा. आपण कुठे बसलोय, तो.”

सरलाबाईंनी कागदाकडे पाहिलं. “म्हणजे वर्षभर मी रोज सकाळी…”

“तिथेच बसला होतात,” गुरुजी म्हणाले.

मग गुरुजींनी मीनाक्षीकडे वळून नेहमीच्या आवाजात विचारलं, “वहिनी, इथली जवळची नदी कोणती? मला दर गावाला विचारावंच लागतं.”

मीनाक्षीनं नकारार्थी मान हलवली. तिच्या तळव्यातलं पाणी बोटांच्या फटींतून केव्हाच पाटावर ओघळून गेलं होतं. सरलाबाईंचं लक्ष त्या हाताकडे गेलं. मनगट एवढंसं झालं होतं. बांगडी कोपरापर्यंत सरकेल, असं. मग त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. हे कधी झालं, ते त्यांना आठवेना.

त्या मीनाक्षीच्या शेजारी खाली बसल्या. तिच्या हाताखाली त्यांनी स्वतःचा हात धरला आणि पळीनं तळव्यावर पुन्हा पाणी घातलं.

“मीनाक्षी,” त्या म्हणाल्या, “आपण कुठे राहतो गं?”